चहाच्या खोक्यावरचीं अक्षरें

आमच्या लहानपणीं वाण्याकडून चहाचें रिकामें खोकें विकत आणून त्यांत जुनीं मासिकें, जादा भांडीं किंवा थंडीच्या रजया भरून ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत होती. पातळ लाकडी थरांच्या त्या चौकोनी खोक्याच्या कडांना पत्र्याची पट्टी मारलेली असे, आंतून चंदेरी कागद लावलेला असे, आणि झांकण उघडलें कीं वर्षानुवर्षांनंतरहि चहाचा एक वाळका वास येई. बाहेरच्या अंगावर काळ्या रंगांत कांहीं अक्षरें व आंकडे उमटविलेले असत: मळ्याचें नांव, चहाची प्रत, वजन, अनुक्रमांक. आम्हांस इंग्रजी मुळाक्षरें तेव्हां नुकतीं येऊं लागलीं होतीं. तीं खोक्यावर वाचूं लागतांच एक शंका मनांत उभी राही. शाळेच्या पुस्तकांतला 'ओ' पुरा वाटोळा होता. खोक्यावरचा मात्र वर आणि खालीं तुटलेला, जणूं दोन कंस समोरासमोर उभे केलेले. 'बी' आणि 'डी' यांचीहि तीच गत. घरांतल्या वडील माणसांस विचारलें तर 'छापणाराचा हात हलला असेल' असें उत्तर मिळे. हात हललेला नव्हता, हें कळावयास पुष्कळ वर्षें गेलीं. आणि त्या तुटीचा इतिहास रोमच्या बादशहांपासून आसामच्या मळ्यांपर्यंत पसरलेला आहे, हें कळावयास त्याहूनहि अधिक.

या विषयाकडे आमचें लक्ष पुन्हां वळविलें तें एका इंग्रजी टाइपानें. १९३९ सालीं शेफील्ड येथील स्टीफन्सन ब्लेक या खिळे ओतणाऱ्या कारखान्यानें 'टी-चेस्ट' नांवाचें एक नवें वळण विक्रीस काढलें. टी-चेस्ट म्हणजे चहाचें खोकेंच. अक्षरें जाड, उंच आणि बाजूंनीं दाबल्यासारखीं अरुंद. जाहिरातींच्या व भित्तिपत्रकांच्या ठळक ओळींसाठीं केलेलीं. आणि खोक्यावरच्या अक्षरांसारखीच जागोजाग तुटलेलीं. हें वळण रॉबर्ट हार्लिंग या तरुण कलावंताच्या नांवावर आहे. आतां गंमत अशी कीं शिशाच्या खिळ्याला या तुटीची कांहींएक गरज नाहीं. खिळ्यावरचा 'ओ' हा उंचवटा आहे, भोंक नव्हे. त्याच्या पोटांतील पोकळी आपोआप सुरक्षित असते. मग ज्या कारखान्याला हवें तितकें सुबक व अभंग अक्षर ओतणें शक्य होतें, त्यानें मुद्दाम तुटकें अक्षर कां ओतावें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें म्हणजे जेथें ती तूट गरजेची होती तेथवर मागें गेलें पाहिजे.

पत्र्यांतून, जाड कागदांतून किंवा लाकडी फळींतून अक्षराची आकृति कापून काढावयाची, तो पत्रा लिहावयाच्या जागीं ठेवावयाचा आणि छिद्रांतून रंग भरावयाचा, ही युक्ति इतकी सोपी आहे कीं तिच्या शोधाचें श्रेय कोणा एकास देणें व्यर्थ होय. दिवाळींत उंबऱ्यापाशीं रांगोळीचा छापा ठेवून त्यावर भुकटी पसरणाऱ्या मुलीला ती चांगली अवगत असते. पाश्चात्य लोक या साधनास स्टेन्सिल म्हणतात. आम्ही येथें त्यास 'कोरीव पत्रा' म्हणूं. अडचण येते ती ज्या अक्षराच्या पोटांत बंदिस्त जागा आहे त्याच्या बाबतींत. 'ओ' चें कडें पुरें कापलें तर मधली चकती निसटून खालीं पडते आणि उरतें तें एक मोठें भोंक. त्यांतून 'ओ' न उमटतां काळा गोळा उमटतो. सबब ती चकती बाहेरच्या पत्र्याशीं बांधून ठेवणारे एकदोन अरुंद दुवे न कापतां राखावे लागतात. रंग लावला कीं दुव्याखालची जागा कोरी राहते आणि अक्षरांत खंड पडतो. कागदावर जी तूट दिसते ती पत्र्यावरची जोड असते, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे सारा उलगडा होतो.

दुवा फार बारीक ठेवला तर शेंपन्नास खोक्यांनंतर तो वांकतो व पुढें मोडतो. फार रुंद ठेवला तर अक्षर ओळखूं येत नाहीं. कापणाराचें कौशल्य या दोहोंच्या मधल्या जागेंत. रंगहि पातळ चालत नाहीं. आंखूड व ताठ केसांचा कुंचला जवळजवळ कोरडाच ठेवून टोंचीत न्यावा लागतो. नाहीं तर रंग पत्र्याखालीं शिरतो आणि कडा फुटतात. अक्षर अरुंद असण्यालाहि कारण आहे. खोक्याच्या एका अंगावर मावेल एवढ्याच रुंदींत पुष्कळ मजकूर बसवावयाचा असतो आणि तो गोदामांत दुरून वाचतां आला पाहिजे. तेव्हां अक्षराची उंची व जाडी राखून रुंदी कमी करणें क्रमप्राप्त होतें. शिवाय अरुंद 'ओ' च्या पोटांतील बेट म्हणजे एक उभी पट्टी. ती वर व खालीं अशा दोनच दुव्यांनीं घट्ट धरली जाते. येथें जें डोळ्यांस रूप म्हणून दिसतें तें बहुतेक सारें कामाच्या सोयींतून आलेलें आहे.

परंतु या युक्तीचा आणखी एक गुण आहे व आम्हांस तोच अधिक विचारार्ह वाटतो. लिहितां न येणारा मनुष्य तिच्या साह्यानें लिहूं शकतो.

याचें सर्वांत जुनें आणि सर्वांत मजेदार उदाहरण एका बादशहाचें आहे. पूर्व रोमन साम्राज्याचा बादशहा पहिला जस्टिन (५१८–५२७) हा शेतकऱ्याच्या कुळांतून येऊन शिपाईगिरीच्या बळावर गादीवर चढलेला. त्याला लिहितांवाचतां येत नव्हतें असें प्रोकोपियस या इतिहासकारानें आपल्या गुप्त इतिहासांत नमूद केलें आहे. राजाज्ञेवर बादशहाची निशाणी तर हवी. म्हणून लाकडाच्या एका पट्टींत चार लॅटिन अक्षरांचा आकार कोरून ती कागदावर ठेवीत, बादशाही शाईंत बुडविलेली लेखणी त्याच्या हातीं देत, आणि अधिकारी त्याचा हात धरून ती खांचांतून फिरवीत. नेमकी अशीच गोष्ट त्याच्या समकालीन थिओडोरिक या गॉथ राजाविषयीं दुसऱ्या एका जुन्या बखरींत आढळते. तेथें लाकडाऐवजीं सोन्याचा पत्रा आहे, आणि कोरलेलीं चार अक्षरें मिळून होणारा शब्द आहे 'लेगी', म्हणजे 'मीं वाचलें'. जें वाचतां आलें नाहीं त्यावर 'वाचलें' असा शेरा त्याच न वाचणाऱ्या हातानें मारावयाचा!

इतिहासाच्या अभ्यासकानें अशा गोष्टी दोन्ही बाजूंनीं तपासून घ्याव्या. प्रोकोपियसचें जस्टिनच्या घराण्याशीं वांकडें होतें, आणि नव्यानें वर आलेल्या माणसास अडाणी ठरविणें हा दरबारी लेखकांचा जुना छंद आहे. थिओडोरिक तर बाळपणीं ओलीस म्हणून सुमारें दहा वर्षें कॉन्स्टँटिनोपल येथें वाढलेला; तो निखालस निरक्षर असेल हें पटणें कठीण. शिवाय राजाची संमति हस्ताक्षरावांचून व्यक्त करण्याची रीत आपल्याकडेहि होतीच. मराठेशाहींतील पत्रें पाहणारांस ठाऊक आहे कीं मजकूर लेखकाच्या हातचा असे आणि शेवटीं मोर्तबाचा शिक्का उमटला कीं पत्र पुरें होई. त्यावरून कोणी राज्यकर्त्यास निरक्षर ठरवीत नाहीं. तेव्हां या दोन गोष्टींतील निंदेचा भाग सोडून द्यावा. साधनाचें वर्णन मात्र इतकें बारकाईचें आहे कीं कोरलेल्या अक्षरांतून लेखणी फिरविण्याची रीत त्या काळीं माहितीची होती, एवढें निःशंक म्हणतां येतें. पहिल्या शतकांतील क्विन्टिलियन या वक्तृत्वाचार्यानेंहि मुलांना अक्षरें गिरवावयास देतांना तीं फळींत कोरून द्यावीं, म्हणजे लेखणी खांचेबाहेर जाणार नाहीं, असा सल्ला दिलेला आहे. बादशहा आणि बिगरीचा विद्यार्थी यांना एकाच पाटीवर बसविणारें हें साधन आहे.

मधल्या हजार वर्षांवरून आम्ही उडी घेतों. कारण लांबच्या लांब मजकूर कोरीव पत्र्यांनीं लिहिण्याचा उद्योग खरा भरास आला तो सतराव्या व अठराव्या शतकांत, आणि तोहि मुख्यतः फ्रान्सांत. तेथील चर्चमध्यें गाणारांचा सबंध ताफा एकाच मोठ्या पोथीभोंवतीं उभा राहून स्तोत्रें म्हणे. अशा पोथीचें अक्षर हातभर अंतरावरून दिसेल एवढें मोठें पाहिजे, पण प्रती हव्यात एकदोनच. एवढ्यासाठीं प्रचंड खिळे ओतून छापखाना मांडणें परवडणारें नव्हे आणि हातानें लिहावयास चांगला लेखक मिळणें दुर्मिळ. त्यावर तोड म्हणून पितळेच्या पातळ पत्र्यांत एकेक अक्षर कापून त्यांनीं पानेंच्या पानें भरून काढीत. पॅरिसच्या विज्ञान परिषदेनें देशांतील कलाकौशल्यांचें वर्णन लिहून ठेवण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां या रीतीचें सविस्तर टिपण झील फियो दे बियेत या विद्वानानें केलें. हाच गृहस्थ चौदाव्या लुईच्या राजकीय छापखान्यासाठीं चौकटींच्या जाळीवर अक्षरें आंखून नवा टाईप ठरविणाऱ्या मंडळींत होता. राजाच्या टाइपाइतकेंच लक्ष पत्र्याच्या अक्षराकडे देण्यास त्याला कमीपणा वाटला नाहीं. हल्लींच्या विद्वानांस हें सुचेल कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

ही कला चर्चच्या बाहेरहि पडली. नांवाच्या चिठ्या, पुस्तकांवरील खुणा, औषधाच्या बरण्यांवरील पट्ट्या यांकरितां पॅरिसचे कारागीर पत्र्यांचे संच विकूं लागले. त्यांपैकीं झां गाब्रिएल बेरी याच्याकडून १७८१ सालीं एका परदेशी वकिलानें असा एक संच घेतला. हा वकील म्हणजे बेंजामिन फ्रँक्लिन. जन्माचा छापखानेवाला, खिळ्यांचा व्यवहार ज्याला तळहातासारखा ठाऊक, त्या माणसाला पत्र्याच्या अक्षरांची भूल पडावी, यांत त्या अक्षरांचा केवढा गौरव आहे! तो संच फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीनें जतन करून ठेवला आहे.

येथें एका पौर्वात्य उदाहरणाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. जपानांत किमोनोच्या कापडावर नक्षी उठविण्यासाठीं कागदाचे साचे कोरीत. त्या नक्षींतहि सुटीं बेटें येतातच. परंतु जपानी कारागिरानें दुवे राखण्याऐवजीं कागदाचे दोन थर घेऊन त्यांमध्यें रेशमाचे अतिशय बारीक तंतु बसविले आणि बेटें त्या तंतूंवर तोलून धरलीं. रंग तंतूंच्या आजूबाजूनें खालीं उतरतो व नक्षी अखंड दिसते. म्हणजे दुवा लपविणें अशक्य नव्हतें. त्याला वेळ, नाजूक हात आणि किंमत देणारें गिऱ्हाईक लागे. ज्याला दहा हजार खोकीं संध्याकाळच्या आंत बोटीवर चढवावयाचीं आहेत त्याला यांपैकीं कांहींच उपलब्ध नसतें.

आणि एकोणिसावें शतक हें खोक्यांचें शतक होतें. आगगाडी व आगबोट यांनीं माल इतका दूर नेण्यास आरंभ केला कीं पाठविणारा व घेणारा एकमेकांस कधींच पाहत नाहींत; त्यांच्यामध्यें बोलणारें एकच तोंड उरलें, तें म्हणजे खोक्याची बाजू. अमेरिकेंत पत्रे कापणें हा स्वतंत्र धंदा झाला. व्हरमाँट संस्थानांतील ब्रॅटलबरो गांवचा एस. एम. स्पेन्सर हा पत्रे कापण्याचें सामानच होतकरू तरुणांस विकीत असे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत शिपाई आपलें नांव व पलटण कापलेला लहानसा पितळी पत्रा जवळ बाळगीत आणि कपडेलत्ते त्यानें चिन्हांकित करीत. पुढें १८९३ सालीं सेंट लुई येथील अँड्रयू ब्रॅडली यानें तेलकट पुठ्ठ्यांत अक्षरें कापणारें यंत्र तयार केलें. चकती फिरवून हवें तें अक्षर समोर आणावयाचें, तरफ दाबावयाची, कीं अक्षर दुव्यांसकट कापलें जाई. तोंवर प्रत्येक कारागिराच्या हाताचें वळण निरनिराळें होतें. यंत्र आल्यावर बंदराबंदरांतील खोकीं एकाच वळणानें बोलूं लागलीं. 'कारखान्याचें अक्षर' म्हणून आज जें आपल्या डोळ्यांसमोर येतें त्याचा जन्म येथला.

आतां चहाकडे येऊं. आसामांत तयार झालेला चहा प्रथम लंडनच्या लिलावांत आला तो १८३९ च्या जानेवारीच्या १० तारखेस. खोकीं होतीं आठ. त्याच वर्षीं आसाम कंपनी स्थापन झाली, आणि आठांचे पुढें लक्षावधि झाले. १८६१ पासून कलकत्त्यासहि लिलाव होऊं लागले. खोक्यासाठीं प्रथम जंगलचें लाकूड वापरीत. पुढें पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या फळ्या परदेशांतून येऊं लागल्या. त्यांचा मोठा भाग बाल्टिक समुद्राच्या कांठीं, आजच्या एस्तोनियांतील टालिन शहरीं, लूथर घराण्याच्या कारखान्यांत तयार होई. युरोपच्या उत्तर टोंकाचें लाकूड आसामांत यावें, त्यांत चहा भरावा आणि तें पुन्हां लंडनास जावें, असा हा फेरा होता.

त्या खोक्याच्या अंगावर काय काय लिहीत? मळ्याचें नांव, बीजकाचा क्रमांक, खोक्याचा क्रमांक, चहाची प्रत दर्शविणारीं आद्याक्षरें, एकूण वजन आणि रिकाम्या खोक्याचें वजन. दलालानें नमुना चाखून बोली बोलावी, वखारदारानें खोकें शोधून काढावें, जकातदारानें वजन ताडावें, या सर्वांची सोय त्यांत होती. हा सारा मजकूर चहा भरण्याच्या खोलींत पत्रा आणि कुंचला घेऊन उमटविला जाई. उमटविणाराला तो वाचतां येणें आवश्यक नव्हतें. पत्रा सरळ धरतां आला, आंकड्याचा पत्रा बदलतां आला, म्हणजे झालें. बादशहाच्या पट्टीनें न वाचणाऱ्या हाताकडून 'मीं वाचलें' असें लिहविलें. मळ्यावरच्या पत्र्यानें न वाचणाऱ्या हाताकडून मालकाच्या मळ्याचें नांव लिहविलें.

हे हात कोणाचे होते? छोटा नागपूर, संथाळ परगणे, ओरिसा, मध्यप्रांत, तेलुगु मुलूख अशा ठिकाणांहून करारानें बांधून आणलेल्या मजुरांच्या वस्त्यांवर आसामचे मळे उभे राहिले. १८५९ च्या कायद्यानें करार मोडणारा मजूर फौजदारी गुन्हेगार ठरत असे. १८६५ च्या कायद्यानें तर पळून जाणाऱ्या मजुरास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्यास दिला. तो अधिकार १९०८ पर्यंत टिकला. द्वारकानाथ गांगुली यांनीं १८८० नंतरच्या दशकांत या मजुरांची स्थिति स्वतः हिंडून पाहिली आणि वृत्तपत्रांतून लिहिली, तेव्हां कोठें बंगालच्या सुशिक्षित समाजास तिची जाणीव झाली. खोक्यावर चहाची प्रत होती, वजन होतें, नंबर होता. पानें खुडणारीचें नांव तेथें असण्याचें व्यापाराच्या दृष्टीनें कारण नव्हतें, हें आम्हांस समजतें. तथापि ज्या मजकुरांतून एका सबंध समाजाचे कष्ट लंडनपर्यंत पोंचले, त्या मजकुरांत त्या समाजाची म्हणून जी एकच खूण होती ती कुंचल्याच्या दाबाची. कोठें रंग जाड बसला, कोठें पत्रा किंचित् तिरका ठेवला गेला, कोठें कड फुटली, एवढीच.

लंडनच्या गोदीवर अशीं खोकीं पर्वतप्राय रचलेलीं असत. शहरांतील चित्रकारांची व टाइपकारांची नजर त्यांवर उशिरां गेली. आणि गेली ती आधीं जर्मनींत व फ्रान्सांत. डेसाऊ येथील बाउहाउस शाळेंत योझेफ आल्बर्स यानें १९२६ च्या सुमारास चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळाचा तुकडा एवढ्याच आकृतींतून सर्व अक्षरें जुळविलीं. तुकडे सुटे ठेवल्यामुळें तीं कोरीव पत्र्यांतून काढल्यासारखीं दिसतात. पाउल रेनर यानें १९२९ सालीं 'फुटुरा ब्लॅक' काढला. ल कॉर्ब्युझिए हा वास्तुशिल्पी आपल्या नकाशांवर बाजारांत मिळणाऱ्या साध्या पत्र्यांचीं अक्षरें वापरी. या मंडळींचें म्हणणें असें कीं यंत्रयुगाचें खरें अक्षर हेंच. त्यांत दरबारी नखरा नाहीं. म्हणण्यांत तथ्य आहे, पण सारें नाहीं. ल कॉर्ब्युझिएच्या अक्षरांतील खंड खरा आहे, कारण त्यामागें पत्रा आहे. रेनरच्या टाइपांतील खंड हा गोदीवरच्या हमालाचा सदरा चित्रकारानें मेजवानीला घालून जावें तसा आहे. सदरा छान दिसतो, हें आम्ही नाकारीत नाहीं.

अमेरिकेंत ही आवड १९३७ सालीं एकदम उसळली. शिकागोच्या लडलो कंपनीसाठीं आर. हंटर मिडलटन यानें केलेला 'स्टेन्सिल' टाईप जूनमध्यें जाहीर झाला आणि एका महिन्याच्या आंत अमेरिकन टाईप फाउंडर्स या संस्थेनें गेरी पॉवेलचा, त्याच नांवाचा, दुसरा बाहेर आणला. दोहोंतहि फक्त मोठीं अक्षरें व आंकडे; खोक्यावर लहान अक्षरांस जागा कधींच नव्हती. पुढें महायुद्ध आलें, सैन्याच्या पेट्या जगभर गेल्या, आणि हें वळण पाहतांच लोकांस चहा किंवा कापूस न आठवतां पलटण आठवूं लागली. कोरियन युद्धावरील 'मॅश' या अमेरिकन मालिकेचें नांव १९७२ पासून पडद्यावर झळकलें तें अशाच तुटक अक्षरांत.

शेफील्डच्या कारखान्याची गोष्ट यांहून थोडी वेगळी आहे. या कारखान्यानें १८१९ सालीं चौथ्या विल्यम कॅस्लनचें सारें सामान विकत घेतलें होतें. ज्या कॅस्लननें १८१६ च्या सुमारास टोकांना फाटे नसलेला पहिला इंग्रजी टाईप नमुन्याच्या पुस्तकांत दाखविला तोच हा. म्हणजे औद्योगिक युगाच्या ठळक अक्षरांचा वारसा त्याच्या कोठारांत शतकाहून अधिक काळ पडून होता. हार्लिंग (१९१०–२००८) हा त्या कोठाराचा रसिक. १९३६ ते १९३९ या काळांत त्यानें 'टायपोग्राफी' नांवाचें नियतकालिक चालविलें आणि त्यांत नाटकांचीं जुनीं हस्तपत्रकें, तिकिटें, दुकानांच्या पाट्या अशा, विद्वानांनीं केरांत टाकलेल्या, मुद्रणाकडे आदरानें पाहावयास शिकविलें. १९३८ चा त्याचा 'प्लेबिल' हा व्हिक्टोरियाकालीन नाटकी जाहिरातींच्या अक्षरांवरून केलेला आहे. 'टी-चेस्ट' त्याच मालिकेंतला. आल्बर्सनें आपलें अक्षर भूमितींतून काढलें. या अक्षरानें मात्र आपलें घराणें नांवांतच सांगून टाकलें. म्हणूनच त्यांतील अनावश्यक खंड आम्हांस खोटा वाटत नाहीं. तो एखाद्या आडनांवासारखा आहे. पाटीलकी गेली तरी पाटील हें आडनांव राहतें, आणि त्यावरून कोणी फसवणुकीचा आरोप करीत नाहीं.

आसामचा चहा लंडनास प्रथम विकला गेला त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं हा टाईप निघाला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यांत कोणाची योजना होती असें आम्ही सुचवीत नाहीं.

आपल्या लिपीचें काय, हा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. रोमन लिपींत बंदिस्त पोटाचीं मोठीं अक्षरें सातआठच. देवनागरींत शिरोरेघेमुळें प, य, ष, म यांचीं पोटें वरून बंद होतात, आणि व, ब, क, ठ हीं मुळांतच बंद. पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. सबंध शब्दावर शिरोरेघ सलग कापली तर पत्र्यांत एक लांबच लांब फट पडते आणि दोन अक्षरांमधल्या पत्र्याच्या जिभा केवळ खालच्या कडेवर लोंबत राहतात. कुंचला लागला कीं त्या उचलतात व शाई आंत शिरते. यावर उपाय एकच: शिरोरेघ मधून मधून तोडणें. आणि येथें आमच्या परंपरेचा जीव कासावीस होतो. मुंबईच्या मिशनच्या छापखान्यापासून जावजी दादाजींच्या निर्णयसागरापर्यंत मराठी खिळेकारांनीं सारी शर्थ केली ती दोन खिळ्यांच्या मध्यें शिरोरेघेंत फट दिसूं नये यासाठीं. त्यांच्या एका पद्धतीच्या टाइपाचें नांवच 'अखंड' होतें. आंब्याच्या पेट्यांवर, धान्याच्या गोण्यांवर, मालगाडीच्या डब्यांवर नांव घालणाऱ्या कारागिरानें मात्र विद्वानांची परवानगी न घेतां रेघ तोडली, आणि कोणाला वाचतांना अडचण झाल्याचें ऐकिवांत नाहीं. तुटक देवनागरीचा इतिहास लिहावयाचा तर तो पुस्तकांत शोधून मिळावयाचा नाहीं. बाजारपेठांच्या गोदामांत हिंडावें लागेल, आणि तेंहि लवकर.

कारण मूळ वस्तु नाहींशी होत चालली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस चहा लाकडी खोक्यांतून निघून कागदाच्या अनेकपदरी पोत्यांत गेला, पोतीं लोखंडी कंटेनरांत गेलीं, आणि कंटेनरावरचा नंबर यंत्र वाचूं लागलें. लंडनचा चहाचा लिलाव १९९८ च्या जूनमध्यें कायमचा बंद झाला. त्याच्या दोन वर्षें आधीं स्टीफन्सन ब्लेकच्या मातृका व पंच लंडनच्या टाईप म्युझियमकडे गेले होते. इंग्लंडांत रिकाम्या खोक्यांनीं मधल्या काळांत घरें हलविण्याचें काम केलें. १९५० नंतरच्या दशकांत तर गरीब घरच्या पोरांनीं त्यांना काठी व दोरी बांधून तंतुवाद्यें केलीं आणि गाण्याचे ताफे उभारले. संगणकावर मात्र तुटक, जाड, अरुंद अक्षरें आज डझनांनीं मिळतात, आणि ज्यांनीं खोकें कधीं पाहिलें नाहीं असे तरुण जाहिरातकार त्यांचा मुबलक वापर करतात.

आमच्या घरचें खोकें माळा उतरवितांना निघालें. एका बाजूची पट्टी सुटली होती आणि चंदेरी कागदाचा चुरा झाला होता. मळ्याच्या नांवाचीं पहिलीं अक्षरें घांसून गेलीं आहेत, पण त्यांतल्या 'ओ' चे दोन्ही कंस अजून स्पष्ट आहेत, आणि डावा कंस जेथें संपतो तेथें रंग पत्र्याखालीं शिरून बोटाएवढा डाग पडलेला आहे.